गालिच्याखालची जमीन

घर बांधणारा मनुष्य भिंतींचा रंग, दारांचें लांकूड, खिडक्यांच्या कांचा, इतकेंच काय पण दिवाणखान्यांतील पंख्याचा आकार यांविषयीं महिनेच्या महिने विचार करतो. परंतु ज्या जमिनीवर त्याचा सारा संसार उभा राहावयाचा तिच्याकडे तो शेवटीं वळतो, आणि तेंहि हातांतले पैसे बहुतेक संपले म्हणजे. पुरुषांना जमिनीची ओळख चालण्यापुरती. तिचा खरा स्वभाव ठाऊक असतो तो वांकून केर काढणाऱ्या, ओणव्यानें पुसणाऱ्या आणि उन्हाळ्यांत दुपारीं तिच्यावरच अंग टाकणाऱ्या स्त्रियांना. आमच्या घरांत जमिनीविषयीं कांहीं ठरवावयाचें झालें म्हणजे तें पुरुष ठरवितात आणि त्याचें फळ बायकांना भोगावें लागतें, ही रीत तीन पिढ्यांची आहे. ह्या वेळीं ती थोडी मोडली, म्हणून ही हकीकत लिहावीशी वाटली.

गेल्या तीन-चार वर्षांत आमच्याकडे हा जमिनीचा प्रश्न दोन दिशांनीं आला. निडीच्या आमच्या राहत्या घरांत एक खालची खोली आहे. तींत गालिचा घालावा कीं न घालावा हा एक प्रश्न. दुसरा कॅनडांतला. आमचा थोरला पुतण्या टोरोंटो येथें असतो. त्यानें घेतलेल्या घराच्या तळघरांत, ज्याला तिकडे बेसमेंट म्हणतात, गालिचा घालावा कीं न घालावा हा तो दुसरा. मध्यें अर्धी पृथ्वी असली तरी दोन्ही खोल्या एकाच माणसासाठीं तयार व्हावयाच्या होत्या. तीं म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. त्यांची सत्तरी उलटली आहे. गुडघे धरलेले असतात, थंड जमिनीवर पाय टेंकला कीं कळ मस्तकांत जाते. आणि दमा पंधरा वर्षांचा जुना आहे. गुडघ्यांचा वैद्य म्हणतो जमीन ऊबदार करा, दम्याचा वैद्य म्हणतो धूळ आणि बुरशी घरांत ठेवूं नका. हीं दोन्हीं वाक्यें एका गालिच्यावर कशीं बसवावयाचीं, हा सारा पेंच होता.

ज्यांनीं निडी पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण, कासू, नागोठणें मागें टाकून निघाली कीं रोह्याच्या अगोदर जें लहानसें स्थानक लागतें तें निडी. आगगाडी रोह्यापर्यंत आली ती १९८६ सालीं. त्यापूर्वी आम्हांस जग म्हणजे एस. टी. चा थांबा. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस भाताचीं खाचरें, आणि वर्षाकांठीं सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें १२० इंच पाऊस, तोहि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आमचें घर उतारावर आहे. ओटी आणि माजघर काळ्या दगडाच्या चांगल्या उंच जोत्यावर. परंतु मागें डोंगराचा उतार जेथें घराला येऊन भिडतो तेथें दोन पायऱ्या उतरून ही खालची खोली लागते. तिच्या मागच्या भिंतीला बाहेरून कमरेइतकी माती टेंकलेली. पूर्वी तेथें नारळ, सरपण आणि नांगर असत. न्हाणीघर तिला लागून असल्यामुळें माडी चढणें वहिनींना अशक्य झालें तेव्हां तीच त्यांची खोली झाली.

आजोबांच्या काळीं सगळ्या घरांत मातीची जमीन होती. पावसाळा सरला कीं ती उकरावयाची, नवी माती घालून पाणी शिंपावयाचें, चोपण्यानें चोपून सपाट करावयाची आणि मग शेणानें सारवावयाची. ह्या सारवलेल्या जमिनीचें कौतुक आजकाल पुष्कळ ऐकूं येतें. कौतुक करणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं भाद्रपदांत, घरांत गौरी येणार म्हणून, हात शेणांत घालून चार खण जमीन सारवली आहे, हें एकदां विचारून पाहावेंसें आम्हांस वाटतें. आमच्या आजीच्या बोटांच्या पेरांना भेगा असत, त्या आम्हीं पाहिल्या आहेत. तेव्हां ती जमीन गेली याचें दुःख आम्हांस नाहीं. परंतु तिच्यांत एक गुण होता, तो मात्र तिच्या जागीं सिमेंट आणतांना कोणी ध्यानांत घेतला नाहीं. खालून येणारा ओलावा ती अडवीत नसे. हळूहळू वर येऊं देई, आणि वर चुलीची धग, उघडीं दारें आणि कौलांच्या फटींतून खेळणारा वारा त्याला घेऊन जाई. तिच्यावर कायमचें असें कांहीं अंथरलेलें नसे. चटई बसण्यापुरती, पाट जेवण्यापुरता, अंथरूण रात्रीपुरतें. सकाळीं सारें गुंडाळून वळकटी भिंतीशीं. मुलांनीं अंथरूण उचललें नाहीं तर आजी रागावे, त्यांत शिस्तीइतकाच ओलीचा विचार असे, हें आम्हांस फार पुढें कळलें.

सिमेंट आमच्या घरांत १९७० च्या आसपास आलें. ज्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतात त्याचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें. हिंदुस्थानांत पहिला प्रयत्न मद्रासेस १९०४ सालीं झाला आणि पोरबंदरचा कारखाना १९१४ सालीं सुरू झाला. खेड्यांतल्या घरांच्या जमिनीपर्यंत यावयास त्याला त्यानंतर पन्नास-साठ वर्षें लागलीं. आलें तेव्हां बायकांनीं त्याचें स्वागत केलें, आणि त्यांत त्यांचें कांहींच चुकलें नाहीं. केर एका फटक्यांत निघूं लागला, पिसवा गेल्या, सारवण सुटलें.

पण सिमेंटाविषयीं एक समज घट्ट बसून गेला, तो असा कीं सिमेंट म्हणजे दगड आणि दगडांतून पाणी येत नाहीं. १०० भार सिमेंटाला घट्ट होण्यासाठीं रासायनिक दृष्ट्या सुमारे २५ भार पाणी पुरतें. तेवढ्याच पाण्यांत काम करणें गवंड्याला जड जातें, म्हणून तो ५० किंवा ६० भार घालतो, आणि त्याचें तसें करणें कामापुरतें बरोबरहि असतें. हें वरचें पाणी पुढें उडून जातें आणि जातांना मागें केसाहून बारीक अशा असंख्य नळ्या ठेवून जातें. समईची वात जसें तेल वर ओढते तशा ह्या नळ्या खालच्या मातीतली ओल वर ओढतात. खालीं रेताड भरड माती असेल तर पाणी कांहीं इंच चढतें; चिकणमाती असेल तर कित्येक फूट. म्हणूनच जाणते लोक काँक्रीटच्या खालीं मोठ्या दगडांचें सोलिंग घालतात. दगडांमधल्या मोठ्या पोकळींतून पाणी वातीसारखें चढूं शकत नाहीं. आमच्या खालच्या खोलींत सोलिंग नव्हतें, जोतें नव्हतें. चोपलेल्या मातीवर सरळ तीन इंचांचा कोबा. भिंतीच्या बुडाशीं दर पावसाळ्यानंतर लोणा फुटे आणि चुन्याचा पोपडा हातांत येई. आम्ही दर दिवाळींत वरून रंग देत असूं.

आतां गालिच्याकडे येतों. आपल्या लोकांत जमिनीवर कायमचें कांहीं चिकटवून ठेवण्याची चाल नाहीं. सतरंजी, जाजम, धारवाडकडच्या नवलगुंदचा जमखाना, हीं सारीं पसरावयाचीं आणि उचलावयाचीं. लग्न-मुंजीला जाजम आलें आणि सोडमुंजीपूर्वी परत गेलें, इतकाच त्याचा आमच्याशीं संबंध. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत खिळवून टाकलेला गालिचा ही थंड देशांतली वस्तु. आमच्या मातोश्रींनीं तो पाहिला असता तर पहिला प्रश्न विचारला असता, हें सोवळ्यांत चालतें का? लोकर चालते, म्हणून आम्ही 'हो' म्हटलें असतें. पण आजचा गालिचा बहुधा लोकरीचा नसून नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि हें पॉलिप्रॉपिलीन आमच्या शेजारीं नागोठण्याच्या पेट्रोरसायनांच्या कारखान्यांतच तयार होतें. त्यावर शास्त्रार्थ काय, हें कोणा शास्त्रीबुवांनीं अजून सांगितलेलें नाहीं.

असो. वहिनींचे गुडघे हिंवाळ्यांत फार दुखूं लागले, तेव्हां धाकट्या मुलानें प्रेमानें, कोणाला न सांगतां, चैत्रांत खालच्या खोलींत गालिचा घालून घेतला. दुकानदार माप घेऊन गेला आणि दोन दिवसांत माणसें येऊन खाली तागाचें जाड अस्तर, वर गालिचा, आणि कडेनें डिंकासारखें कांहीं लावून बसवून गेलीं. ओलीचें काय, असें विचारल्यावर उत्तर मिळालें, "सिमेंटाची जमीन आहे, काळजी नको." चैत्र-वैशाखांत खोली मोठी देखणी दिसली. वहिनी अनवाणी चालत आणि म्हणत, "भाऊजी, गवतावरून चालल्यासारखें वाटतें हो." त्यांच्या तोंडावरचें तें समाधान पाहून आम्हां सर्वांना बरें वाटलें, हें लिहिलेंच पाहिजे.

आषाढांत वास येऊं लागला. प्रथम तो न्हाणीघराचा म्हणून मोरी धुतली. मग भिजल्या कपड्यांचा म्हणून दोरी हलविली. श्रावणांत वहिनींना रात्रीं आडवें होणें जमेना. उशा रचून बसून राहत. एके रात्रीं रोह्याहून डॉक्टर आणावा लागला. तो खोलींत शिरला, औषधाची पेटी उघडण्यापूर्वीच जरा थांबला आणि म्हणाला, "आधीं हें इथून काढा." दुसऱ्या दिवशीं गालिचा उचलला. तागाचें अस्तर हातांत येतांच तुटत होतें, मागच्या भिंतीकडे दोन-तीन हात रुंद काळा पट्टा पडला होता, आणि डिंक पांढुरका चिकट होऊन जमिनीवरच राहिला होता. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. मुलाचें मन मोडेल म्हणून त्या महिनाभर वासाबद्दल गप्प राहिल्या होत्या, हें त्यांच्या सुनेनें मागाहून सांगितलें. एकत्र कुटुंबांत असें गप्प बसणें सद्गुणांत मोडतें. पण ह्या एका प्रसंगीं तें त्यांच्या जिवावर आलें होतें.

ओलसर आणि बुरशी धरलेल्या घरांत दमा बळावतो, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत स्पष्ट मांडलें आहे. भिजलेली वस्तु २४ ते ४८ तासांत वाळली नाहीं तर तिच्यावर बुरशी येऊं लागते. आमच्या खोलींतला गालिचा तर आषाढापासून श्रावणापर्यंत वाळलाच नव्हता. १९८९ च्या जुलैंत अंबा नदीच्या पुरानें जांभूळपाडा आणि नागोठणें येथें हाहाकार केला, तेव्हां घरांत शिरलेलें पाणी सर्वांना दिसलें आणि ओसरल्यावर लोकांनीं सारें उन्हांत घातलें. जें पाणी दिसत नाहीं त्याला कोणी उन्हांत घालीत नाहीं.

येथें आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येचा प्रवेश होतो. ती स्थापत्य-अभियांत्रिकी शिकते. तिनें आम्हां वडील मंडळींना जरा धीटपणानेंच विचारलें, "काका, पाणी खालून आलें कीं वरून, हें कोणी पाहिलें का?" वरून म्हणजे छपरांतून नव्हे, हवेंतून. तिनें मांडलेला हिशेब असा. पावसाळ्यांत हवा ३० अंश सेल्सिअस आणि तिच्यांतला दमटपणा शेंकडा ८५ असेल, तर ती हवा सुमारे २७ अंशांच्या वस्तूला लागली कीं तिच्यांतलें पाणी सुटूं लागतें. पाण्याच्या थंड तांब्याला बाहेरून घाम येतो तो ह्याच न्यायानें. मातीला टेंकलेली जमीन हवेपेक्षां तीन-चार अंश थंड राहते, आणि मग आपण म्हणतों, 'जमिनीला घाम सुटला.' उघड्या जमिनीचा घाम पुसतां येतो आणि वाऱ्यानें सुकतोहि. तिच्यावर गालिचा घातला कीं खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोंचेनाशी होते; ती पूर्वीपेक्षां थंड राहते; आणि दमट हवा मात्र गालिच्याच्या धाग्यांतून खालीं उतरतच असते. म्हणजे पायांना ऊब देणारी वस्तु आपल्या खालच्या जमिनीला अधिक थंड करते. हें आमच्या ध्यानांत यावयास तिला दोनदां समजावून सांगावें लागलें. वहिनींना एकदांच पुरलें. लोणच्याच्या बरणीला फडकें घट्ट बांधलें तर आंत काय होतें हें त्यांना ठाऊक होतें.

दोन्ही पाण्यांची पारख करण्याची कृति अगदीं सोपी आहे, आणि ए. एस. टी. एम. ह्या प्रमाणें ठरविणाऱ्या अमेरिकन संस्थेनें ती नियमांत बसविली आहे. १८ इंच लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरावा, चारी कडा चिकटपट्टीनें घट्ट बंद कराव्या आणि निदान १६ तास तसाच राहूं द्यावा. उचलतांना कागदाच्या खालच्या अंगास थेंब दिसले, किंवा तेवढ्यापुरती जमीन काळसर पडलेली दिसली, तर पाणी खालून येत आहे. कागदाच्या वरच्या अंगास ओल असेल तर ती हवेंतली. आमच्या मुलीनें वैशाखांत चार कागद लावले, चारीहि कोरडे. दुकानदार वैशाखांत आला असता तर तोहि खरा ठरला असता! श्रावणांत तेच चार कागद त्याच जागीं लावले. मागच्या भिंतीकडचे दोन खालून भिजले, आणि चारींच्या वर बोट फिरवितां ओल लागली. आमच्या खोलीला दोन्ही पाणी होतें. पेणचे गणपतीचे कारागीर शाडूची मूर्ति बाहेरून कोरडी दिसली म्हणून लगेच रंगवीत नाहींत. त्यांना आंतली ओल ठाऊक असते. सिमेंटाच्या बाबतींत तेवढी सबूरी कोणी दाखवीत नाहीं.

ह्याच सुमारास टोरोंटोचें पत्र आलें; पत्र म्हणजे आतां दूरध्वनीवरचा मजकूर. आईला सहा महिने आपल्याकडे नेण्याचा पुतण्याचा बेत होता आणि तिच्यासाठीं तो तळघरांतली खोली सजवीत होता. त्या देशांत तळघर ही चैन नव्हे. तेथें हिंवाळ्यांत माती सुमारे चार फूट खोलपर्यंत गोठते. गोठतांना ती फुगते आणि वरचें घर उचलते. म्हणून पाया त्याखालीं न्यावाच लागतो. इतकें खणल्यावर थोडें आणखी खणून त्याची खोली केली तर खर्च फारसा वाढत नाहीं. पुतण्या आनंदानें सांगत होता, उत्तम गालिचा पसंत केला आहे, पुढच्या आठवड्यांत माणसें येतील. आम्हीं निडीची हकीकत सांगितली. तो हंसला. "काका, इथें कोंकणचा पाऊस कुठें आहे? तळघर अगदीं कोरडें आहे, मी हात लावून पाहिलें."

"अरे, तुझ्या आईनेंहि पाय लावून पाहिलें होतें," आम्ही म्हणालों, "चार महिने थांब आणि तुझ्या बहिणीचें ऐक."

बहिणीचें ऐकावयास तो राजी झाला, कारण ती त्याच्याहून पंधरा वर्षांनीं लहान आणि त्याची लाडकी. तिच्या सांगण्यावरून त्यानें एप्रिलांत, बर्फ वितळल्यावर, कागद लावले, खालून थेंब. जुलैंत पुन्हां लावले. ह्या वेळीं वरून. उन्हाळ्यांत तेथली हवा २८ अंश आणि शेंकडा ६५ दमट असेल तर २१ अंशांखालच्या वस्तूवर तिचें पाणी बसतें, आणि जमिनींत रुतलेल्या तळघराची फरशी १८ अंशांच्या घरांत असते. म्हणजे निडींतला श्रावण टोरोंटोच्या तळघरांत जुलैंत येतो. गालिचे बसविणारे तिकडे आणखी एक मोजणी करतात: कॅल्शियम क्लोराइडची वजन केलेली वाटी जमिनीवर झांकून ठेवतात आणि अडीच-तीन दिवसांनीं तिनें किती पाणी ओढलें तें तोलतात. एक हजार चौरस फुटांतून चोवीस तासांत तीन पौंड, ही पुष्कळ आच्छादनांसाठीं मर्यादा धरतात. दहा बाय बाराच्या खोलीला हें प्रमाण लावलें तर दिवसाला १६० ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर पाणी. रोज एक पेला पाणी गालिच्याखालीं ओतलें तरी चालेल असा ह्याचा अर्थ नव्हे. तें निघून जाण्याची वाट असेल तेथवर चालेल असा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याचा सल्ला तर याहून रोखठोक आहे: ज्या काँक्रीटच्या जमिनींतून पाणी झिरपतें किंवा जिच्यावर वारंवार घाम येतो तिच्यावर गालिचा घालूंच नये.

पुतण्यानें मग क्रमानें काम केलें. पहिलें काम घराबाहेरचें. छपराचें पाणी आणणारा पन्हळ पायाशींच रिकामा होत होता. त्याला नळी जोडून पाणी लांब सोडलें, आणि भिंतीकडे कललेली माती उलट्या बाजूस उतरती केली. ह्या दोन दिवसांच्या कामानें पुढच्या वसंतांत खालचे थेंब बरेच कमी झाले. बाकी सारें महाग सामान त्यानंतरचें. हवेंतला दमटपणा ओढणारें एक यंत्र आणलें. जमिनीवर प्रथम गुठळ्यांचा जाड प्लॅस्टिक-पट घातला. गुठळ्या खालीं, त्यामुळें काँक्रीट आणि पट यांमध्यें थोडी पोकळी राहते आणि खालची वाफ वर न येतां तेथेंच कोंडते. त्यावर प्लायवुड. अशा प्लायवुडवर गालिचा घातला तर त्याच्या खालचा भाग काँक्रीटइतका थंड पडत नाहीं. गालिचा ताणून धरणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या तिकडे भिंतीकडेनें लावतात. त्या काँक्रीटमध्यें ठोकल्या तर प्रत्येक खिळा खालच्या पटाला भोंक पाडतो, म्हणून त्या प्लायवुडवरच, आंखूड खिळ्यांनीं. अस्तर तागाचें नको, कृत्रिम धाग्याचें, हें तर निडीचा अनुभव ऐकल्यावर कोणी सांगावयास नकोच.

इतकें झाल्यावर एक अडचण निघाली, ती कोणा पुस्तकांत नव्हे, वहिनींच्या तोंडून. चलच्चित्रांत मुलानें नवी खोली दाखविली, तेव्हां बाकीचे सगळे भिंतींचा रंग पाहत होते. वहिनी म्हणाल्या, "अरे, शेवटची पायरी बुटकी कां दिसते?" जमीन दीड इंच वर आली होती, जिन्याच्या बाकीच्या पायऱ्या साडेसात इंचांच्या, तळाची सहाची. उतरणारा पाय सवयीनें साडेसात इंच खालीं जातो आणि जमीन अगोदरच लागते, चढतांना उलट. तरण्या माणसाला ठेंच, सत्तरीच्या माणसाला मांडीचें हाड. पायऱ्यांची उंची एकसारखी असावी असा बांधकामाचा सर्वत्र नियम आहे, आणि तो अशाच कारणानें आहे. पुतण्यानें सुताराकडून वरच्या सगळ्या पायऱ्यांवर फळ्या चढवून घेतल्या. त्यासाठीं लागलेला खर्च गालिच्याच्या निम्म्यानें होता. तो त्यानें आईला सांगितला नाहीं, आम्हांस सांगितला.

शेवटीं गालिचा. माणसें येण्याच्या आदल्या दिवशीं वहिनींनीं आमच्याकडून निरोप धाडला. "भाऊजी, त्याला एवढेंच विचारा, तो उचलून उन्हांत घालतां येतो का?" भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेला गालिचा उचलतां येत नाहीं. तो झाडतां येतो, यंत्रानें धूळ ओढतां येते, वर्षांतून एकदां धुवून घेतां येतो. परंतु त्याच्या खालीं काय चाललें आहे हें पाहतां येत नाहीं. पुतण्यानें तो परत केला. प्लायवुडवर लांकडासारखी दिसणारी साधी लादी बसविली, आणि पलंगाशीं, खुर्चीशीं, वाटेवर असे तीन सुटे लोकरी गालिचे टाकले. खालीं न सरकणारें जाळीचें अस्तर तेवढें लावलें, कारण सुटा गालिचा पायाखालून निसटणें हें आणखी एक संकट आहे. दर शनिवारीं नात ते मागच्या अंगणांत झटकते.

वहिनी सहा महिने तेथें राहून फाल्गुनांत परत आल्या. हिंवाळा कडक होता, गुडघे दुखलेच; पण रात्रीं उठून बसावें लागलें नाहीं. त्यांच्या मागें येथें आम्हीं खालच्या खोलीच्या मागची माती काढून भिंतीपासून दीड हात दूर चर खणला, त्यांत दगड भरले आणि त्याला ओढ्याकडे उतार दिला. गेल्या श्रावणांत चार कागद लावले, तेव्हां खालून तीन कोरडे राहिले आणि कोपऱ्यांतला एक भिजला. हवेंतली ओल अर्थातच होती तशी आहे. चूल गेली, गॅस आला, घरांतली ती रोजची धग गेली, आणि डांसांच्या भीतीनें तिन्हीसांजेला खिडक्या बंद होतात. त्यावर चर हा उपाय नव्हे.

आतां विचार चालला आहे तो कोपऱ्याकडचा जुना कोबा फोडण्याचा. फोडला तर खालीं वीतभर दगडाचें सोलिंग, त्यावर जाड पॉलिथिन, सांधे वीतभर एकावर एक चढवून, आणि वर चार इंचांचें काँक्रीट. आमच्या मुलीचें म्हणणें, काँक्रीटच्या दर इंचाला वाळावयास महिना धरावा. म्हणजे चार महिने, आणि तेहि कोरड्या हवेंत. दिवाळीनंतर लगेच घातलें तर होळीपर्यंत जमेल. माघांत आरंभ केला तर पुढचा पाऊस त्याच्यावर बसेल. गवंडी म्हणतो तो तुळशीच्या लग्नानंतर येईल. तोंवर वहिनींचा पलंग ओटीवर हलविला आहे, आणि पायांखालीं नवलगुंदचा जुना जमखाना असतो. सकाळीं नऊला तो मागच्या दोरीवर जातो आणि चारला खालीं येतो. आज ढग आल्यामुळें तो अडीचलाच आंत घ्यावा लागला.